१८४ परार्ध ग्रहांवर करायचं काय?

७ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेतल्या एका व्हिडिओ गेम पुरस्कार सोहळ्यात एका नव्या गेमची झलक दाखवली गेली. पडद्यावर समुद्राचा तळ, आजूबाजूला मासे. पाहणारा पाण्यातून वर येतो, किनाऱ्यावर चालतो, यानात बसतो. यान उडतं, ढग खाली राहतात, आकाशाचा निळा रंग काळा होत जातो आणि तो थेट अंतराळात पोहोचतो. तिथून दुसऱ्या ग्रहाकडे झेप. या सगळ्या प्रवासात कुठेही थांबा नाही, ‘लोडिंग’ची पाटी नाही. ज्यांनी लहानपणी गच्चीवर झोपून तारे पाहिलेत, त्यांना त्या दृश्याने काय केलं असेल ते सांगायला नको.

गेमचं नाव ‘नो मॅन्स स्काय’. तो करणारी ‘हॅलो गेम्स’ ही कंपनी लंडनजवळच्या गिल्डफर्डमधली, मूठभर माणसांची. तोपर्यंत तिची ओळख होती ती ‘जो डेंजर’ या मोटारसायकलवरच्या कसरतींच्या गमतीदार गेममुळे. झलक गाजली आणि पुढच्या अडीच आठवड्यांत, नाताळच्या आदल्या दिवशी, त्यांच्या कार्यालयात पुराचं पाणी शिरलं. सामानाची नासाडी झाली, काम नव्याने मांडावं लागलं. कंपनीचा एक संस्थापक शॉन मरे तेव्हापासून या गेमचा चेहरा झाला: चेक्सचा शर्ट, वाढलेली दाढी, बोलताना थोडा अडखळणारा, पण डोळ्यांत खरा उत्साह असलेला माणूस. हा उत्साह पुढे फार महागात पडला.

जगाला वेड लावलं ते एका आकड्याने. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि चौसष्ट घरं भरता भरता राजाची कोठारं संपतात. त्या सगळ्या दाण्यांच्या बेरजेत एक मिळवा, की ‘नो मॅन्स स्काय’मधल्या ग्रहांची संख्या मिळते: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली दशमानाची नावं एकापासून सुरू होऊन परार्धापाशी थांबतात, परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या मापाने हे १८४ परार्धांहून जास्त ग्रह होतात. एकेका ग्रहाकडे एकच सेकंद पाहायचं ठरवलं तरी ५८ हजार कोटी वर्षं लागतील. आपल्या खऱ्या विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे.

एवढे ग्रह बनवले कुणी? कुणीच नाही, आणि खरी करामत तीच आहे. हे ग्रह कुठल्या डिस्कवर साठवलेले नाहीत. संगणकाच्या आकड्यात चौसष्ट जागा असतात, प्रत्येक जागी शून्य किंवा एक. म्हणजे पटाच्या चौसष्ट घरांसारखं प्रत्येक पावलाला दुप्पट. असा एक आकडा म्हणजे एका ग्रहाचं बीज. ते बीज गणिती सूत्रांमध्ये टाकलं, की डोंगर किती उंच, समुद्र आहे की नाही, गवत हिरवं की जांभळं, पाऊस पाण्याचा की आम्लाचा हे ठरत जातं. प्राण्यांचे सांगाडे, डोकी, शेपट्या, पानांचे आकार हे नमुने मात्र कलाकारांनी घडवलेले असतात. सूत्रं त्यांची ताणाताण करतात, जोडाजोड करतात. तुम्ही ग्रह सोडून निघालात की तो संगणकाच्या स्मृतीतून पुसला जातो. परत आलात की त्याच बीजातून तोच ग्रह, तीच दरी, तोच सुळका पुन्हा उगवतो.

ही कल्पना नवी नव्हती. १९८४ साली इंग्लंडमध्येच डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन तरुणांनी ‘एलिट’ नावाच्या गेममध्ये आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले होते, तेही ३२ किलोबाइट स्मृती असलेल्या बीबीसी मायक्रो संगणकावर. तिथे ग्रह म्हणजे पडद्यावरचं एक वर्तुळ आणि चार ओळींची माहिती. ‘नो मॅन्स स्काय’मध्ये त्या वर्तुळावर उतरता येतं, गवतातून चालता येतं. बत्तीस वर्षांत गाठलेला हा पल्ला मला आजही थक्क करतो, आणि म्हणूनच या गेमची पुढची कथा सांगताना मन थोडं जड होतं.

जून २०१४मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘ई-थ्री’ या गेमच्या जत्रेत सोनीने आपल्या मुख्य रंगमंचावर हा गेम मांडला. शेकडो माणसांच्या, कोट्यवधी डॉलरच्या गेमच्या पंक्तीत गिल्डफर्डची ही मूठभर मंडळी. मग मुलाखतींचा पूर आला. दूर दिसणाऱ्या त्या डोंगरापर्यंत जाता येईल का? येईल. प्राण्यांना नाव देता येईल? येईल. ऑक्टोबर २०१५मध्ये स्टीफन कोल्बेरच्या रात्रीच्या कार्यक्रमात मरे गेला, तेव्हा दुसऱ्या खेळाडूशी गाठ पडेल का असा विषय निघाला. उत्तराचा रोख असा होता की पडू शकेल, पण विश्व इतकं अफाट आहे की शक्यता फारच कमी.

दुरून डोंगर साजरे हे आपण मराठीत म्हणतोच. हा गेम मात्र सांगत होता की इथे जवळूनही साजरे असतील.

तिथे जाऊन करायचं काय, हेही लोकांनी विचारलं होतं, उत्तरही मिळालं होतं: शोध, व्यापार, लढाई, तग धरणं. चार शब्द. गोंधळाचं मूळ मला या चार शब्दांत दिसतं. ज्याला व्यापाराची आवड त्याने मनात बाजारपेठा उभ्या केल्या, ज्याला लढाईची त्याने आरमारं. मित्रांबरोबर खेळणाऱ्याने मित्रांसह भटकण्याची स्वप्नं पाहिली. तीन वर्षांत जगभर लाखो ‘नो मॅन्स स्काय’ तयार झाले, प्रत्येकाच्या डोक्यात एक, आणि त्यातला एकही गिल्डफर्डमध्ये बनत नव्हता.

लोकांची तहान किती वाढली होती याची एक खूण मे २०१६मध्ये दिसली. जूनमध्ये येणारा गेम ऑगस्टपर्यंत पुढे ढकलला गेला. तेवढ्यावरून मरेला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ही बातमी आधी देणाऱ्या पत्रकारालाही आल्या. दोन महिन्यांच्या उशिरासाठी! ज्या वस्तूला अजून कुणी हात लावलेला नाही तिच्यावर माणसाचा असा हक्क बसतो, तेव्हा ती वस्तू हातात आल्यावर काय होणार हे उघड होतं.

ऑगस्ट २०१६मध्ये गेम आला. पूर्ण किंमत ६० डॉलर. ‘स्टीम’ या संगणकावरच्या गेमच्या दुकानात पहिल्याच दिवसांत एकाच वेळी २ लाखांहून अधिक लोक तो खेळत होते. दोन महिन्यांत हा आकडा काही हजारांवर आला.

तो वाईट गेम होता का? माझ्या मते अजिबात नाही. अनोळखी ग्रहावर, मोडक्या यानाशेजारी तुम्ही जागे होता. कुणी काही समजावत नाही. यान दुरुस्त करायला खनिजं शोधता, चुकून एखाद्या गुहेत शिरता, बाहेर येता तर सूर्य मावळत असतो आणि क्षितिजावर दुसरा ग्रह उगवलेला असतो, आपल्या चंद्राहून कितीतरी मोठा. शेफील्डच्या ‘सिक्स्टीफाइव्ह डेज ऑफ स्टॅटिक’ या बँडचं संगीत हळूच सुरू होतं. परग्रहवासीयांची भाषा इथे एकेक शब्द वेचून शिकावी लागते. एखाद्या प्राचीन शिळेला हात लावा, एक शब्द मिळतो. वीस शब्द जमले की समोरच्या प्राण्याच्या बोलण्यातलं अर्धं वाक्य उलगडतं. भाषा शिकण्याचा तो अडखळता आनंद इतक्या प्रामाणिकपणे मांडणारे गेम मला फार आठवत नाहीत. एकांताचा, पहिल्यांदा पाऊल टाकण्याचा असा गेम तोवर क्वचितच कुणी केला होता.

पण हात काय करत होते? खडक फोडून लोखंड, झाडं जाळून कार्बन, यान उडवायला प्लुटोनियम. पिशवीत मोजक्या जागा, त्या सतत भरलेल्या. काय टाकायचं, काय ठेवायचं. पुढचा ग्रह, पुन्हा लोखंड, कार्बन, प्लुटोनियम. दहाव्या ग्रहापर्यंत डोळे रंगांना सरावले आणि हातांना कळलं की काम तेच आहे. झलकेत वाळूतून उसळणारा महाकाय किडा कुठेच नव्हता. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावरच्या एकाच जागी जाऊन उभे राहिले. एकमेकांना दिसले नाहीत. शक्यता फार कमी म्हणून सांगितलेली भेट पहिल्या दिवशी झाली आणि ती होऊच शकत नाही हेही त्याच दिवशी कळलं.

शंभरपैकी ७१ असा समीक्षकांचा सरासरी कौल पडला. एखाद्या नव्या, छोट्या कंपनीच्या विचित्र, धाडसी गेमला ७१ म्हणजे पाठीवर थाप असते. इथे तो आकडा मृत्युलेखासारखा वाचला गेला.

या प्रकारच्या अपेक्षाभंगाचं नेमकं वर्णन केट कॉम्प्टन या संगणक-संशोधिकेने केलं आहे. दहा हजार वाट्या ओटची लापशी संगणकाला बनवायला सांगा, ती म्हणते. प्रत्येक वाटीतला दाणा वेगळ्या जागी, प्रत्येक वाटी गणिताच्या दृष्टीने अद्वितीय. खाणाऱ्याला मात्र लापशीच दिसते. आकड्याने वेगळं असणं आणि माणसाला वेगळं वाटणं यांत मोठं अंतर आहे. आपल्याला आठवणीत राहतो तो ग्रह तिथे काही घडलं म्हणून. घडण्यासाठी काही करावं लागतं, आणि करण्याच्या गोष्टी सूत्राने परार्धांत वाढत नाहीत. त्या माणसांनी बसून, एकेक करून, खेळून, मोडून, पुन्हा बांधून तयार कराव्या लागतात.

कॉम्प्टनने हे कुठे अनुभवलं असेल? ती ज्या गेमवर काम करत होती तो याच दुखण्याचा थोरला भाऊ आहे.

‘सिमसिटी’ आणि ‘द सिम्स’ घडवणारा विल राइट हा गेमच्या जगातला खराखुरा प्रतिभावंत. मार्च २००५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत त्याने ‘स्पोर’ दाखवला. पाण्यातल्या एका सूक्ष्म जीवापासून सुरुवात. तो जीव उत्क्रांत होतो, जमिनीवर येतो, टोळी करतो, संस्कृती उभी करतो आणि शेवटी यानात बसून ताऱ्यांकडे निघतो. एका गेममध्ये सबंध जीवसृष्टीचा इतिहास. राइटने मंचावर तीन पायांचा एक प्राणी मातीच्या गोळ्यासारखा ओढून-ताणून बनवला आणि तो चालू लागला. कुणीही आधी चालवून न पाहिलेला प्राणी, संगणकाने त्याच क्षणी त्याची चाल शोधून काढली. समोर बसलेले सगळे याच धंद्यातले लोक होते; त्यांना हे किती अवघड आहे ते कळत होतं. तेही भारावले.

साडेतीन वर्षांनी, सप्टेंबर २००८मध्ये ‘स्पोर’ आला. प्राणी घडवायचं ते साधन अप्रतिमच निघालं. आधीच जूनमध्ये ते वेगळं विकायला ठेवलं होतं आणि काही आठवड्यांत लोकांनी लाखो प्राणी घडवले: देव, राक्षस, किटल्या, ओळखीचे नट. एकाने बनवलेला प्राणी दुसऱ्याच्या ग्रहावर चरताना दिसे. ब्रायन ईनोचं संगीतही तुमच्या खेळण्याबरोबर स्वतः घडत जाई. समीक्षकांनी शंभरपैकी ८४ दिले. मग नाराजी कसली?

नाराजी अशी, की प्राण्याचे पाय लांब केले काय, आखूड केले काय, फरक पडत नव्हता. वेग ठरायचा तो तुम्ही कुठल्या जातीचं पाऊल बसवलं त्यावरून, चावा ठरायचा कुठलं तोंड निवडलं त्यावरून. पाय कुठे, किती, कसे, हे फक्त दिसण्यापुरतं. ज्या गेमचा विषय उत्क्रांती, त्यात शरीराच्या घडणीचा जगण्याशी संबंधच उरला नव्हता. एकाच गेममध्ये पाच अवस्था म्हणजे प्रत्यक्षात पाच छोटे गेम, आणि प्रत्येक आपापल्या जातीच्या चांगल्या गेमपेक्षा पातळ. भरीला कॉपी रोखण्यासाठी एक प्रत फक्त तीन संगणकांवर बसवण्याची अट घातली गेली. चिडलेल्या ग्राहकांनी ॲमेझॉनवर एकेका ताऱ्याचे हजारो शेरे टाकले.

‘स्पोर’ आणि ‘नो मॅन्स स्काय’ यांच्यात मला एकच फट दिसते. दाखवता येतं ते दृश्य, खेळाची मजा मात्र करण्यात असते. सिनेमाची झलक सिनेमाच असते, थोडक्यातला. लग्नात वाढलेली पहिली जिलेबी पुढच्या जिलेब्यांसारखीच लागते. गेमची झलक मात्र गेम नसतेच, कारण ती आपण पाहतो, खेळत नाही. तिसाव्या तासाला हाताला काय वाटेल हे कुठलीही चित्रफीत सांगू शकत नाही. बनवणाऱ्यालाही ते पुष्कळदा शेवटच्या महिन्यांतच कळतं, कारण गेमचे सुटे भाग एकत्र येऊन खेळण्यासारखे होतात तेच मुळी उशिरा. तोवर जत्रेसाठी एक निवडक तुकडा घासून-पुसून तयार करतात. त्या तुकड्यात जे चमकतं ते सगळीकडे चमकेल असा पाहणाऱ्याचा समज होतो, आणि बनवणाऱ्याचीही तशीच आशा असते. म्हणून मी या माणसांना सरसकट खोटारडे म्हणायला तयार नाही.

गेम बनवणाऱ्या पीटर मोलिन्यूचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. २००४च्या ‘फेबल’ या गेमबद्दल तो आधी सांगत असे, की खेळाडूने ओकचं बी पेरलं तर गेममधली वर्षं जातील तसं त्याचं झाड होईल. गेम आला. नायक म्हातारा होत होता, वाईट वागला तर शिंगं फुटत होती, लोक त्याच्या कीर्तीप्रमाणे टाळ्या वाजवत होते किंवा पळत होते. हे सगळं तेव्हा अनोखं होतं. झाड मात्र नव्हतं. वर्षानुवर्षं लोकांनी त्या गेमची आठवण काढली ती त्या नसलेल्या झाडावरून. मोलिन्यूने जाहीर माफी मागितली: जे गेममध्ये टिकेल की नाही माहीत नाही, ते आधी बोलायला नको होतं.

ग्राहकांच्या समाधानाचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने १९८०च्या सुमारास मांडलेलं सूत्र इथे लागू पडतं. माणसाचं समाधान वस्तूच्या गुणावर ठरतं तेवढंच ते आधीच्या अपेक्षेशी होणाऱ्या तुलनेवर ठरतं. म्हणजे तोच ७१ गुणांचा गेम, कुणी न सांगता हाती लागला तर ठेवा वाटतो, आणि तीन वर्षं वाट पाहून मिळाला तर फसवणूक. अपेक्षा कमी ठेवण्यात विकणाऱ्याचा फायदाही नसतो. आगाऊ नोंदणीचे पैसे गेम येण्याआधी जमतात. ‘सायबरपंक २०७७’च्या तब्बल ८० लाख प्रती डिसेंबर २०२०मध्ये तो येण्याआधीच विकल्या गेल्या होत्या. जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका अडखळत होता की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि जूनपर्यंत परत ठेवला नाही. त्याची गोष्ट मात्र थोडी वेगळी. तिथे वस्तूच अर्धी भाजलेली होती. ‘नो मॅन्स स्काय’ बहुतांशी चालत होता, फक्त लोकांनी मनात बांधलेला तो नव्हता.

ब्रिटनच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीकडे ‘नो मॅन्स स्काय’बद्दल तक्रारी गेल्या, की विक्रीच्या पानावरची चित्रं दिशाभूल करतात. नोव्हेंबर २०१६मध्ये संस्थेने निकाल दिला की जाहिरात दिशाभूल करणारी नाही. सूत्राने बनणाऱ्या गेममध्ये प्रत्येकाला वेगळं दिसणार हे ग्राहक समजू शकतात. कायद्याने कंपनी सुटली. लोकांच्या मनातून मात्र ती उतरलेलीच होती.

आणि इथे हॅलो गेम्सने जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मरे गप्प झाला. मुलाखती नाहीत, खुलासे नाहीत. नोव्हेंबर २०१६च्या अखेरीस ‘फाउंडेशन’ नावाची पहिली मोठी सुधारणा आली: ग्रहावर घर बांधता येऊ लागलं. नाव फार बोलकं आहे, पाया. मार्च २०१७मध्ये चाकांची वाहनं. जुलै २०१८मध्ये ‘नेक्स्ट’, आणि दोन खेळाडू शेवटी एकमेकांना दिसले. २०१९मध्ये डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा लावून त्या आकाशाखाली उभं राहता येऊ लागलं. सप्टेंबर २०२०च्या सुधारणेत वाळूतला तो महाकाय किडा आला, पहिल्या झलकेनंतर जवळजवळ सात वर्षांनी. या सगळ्याचा एक पैसाही जुन्या खेळाडूंकडून घेतला नाही. आणि प्रत्येक वेळी वाढत गेलं ते करणं: बांधणं, शेती, ताफा सांभाळणं, मित्राला हाक मारणं. २०२०च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सतत वाढत राहिलेल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कार त्याला मिळाला.

‘स्पोर’च्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. राइटने २००९मध्ये कंपनी सोडली, आणि पाय लांब केल्याने वेगाने धावेल असं वाटलेला तो प्राणी २००५च्या मंचावरच राहिला.

हे वाचून कुणी म्हणेल, शेवटी वचन पाळलं ना, मग झालं. मला तसं पूर्ण वाटत नाही. ऑगस्ट २०१६मधला तो गेम, एकाकी, शांत, शब्द वेचत फिरण्याचा, आता तसाच्या तसा मिळणं कठीण आहे. आजचा ‘नो मॅन्स स्काय’ गजबजलेला आहे. त्यात गावं आहेत, मोहिमा आहेत, गर्दीचे तळ आहेत. लोकांच्या डोक्यातल्या लाखो गेमांची भरपाई करता करता गिल्डफर्डच्या मंडळींना बहुधा आपला स्वतःचा गेम थोडा बाजूला ठेवावा लागला.

डिसेंबर २०२३मध्ये शॉन मरे पुन्हा त्याच प्रकारच्या मंचावर आला. नवा गेम, ‘लाइट नो फायर’. या वेळी परार्ध नाहीत. एकच ग्रह, पण पृथ्वीएवढा. झलक दाखवली गेली: दऱ्या, उडत्या प्राण्यांवर बसून फिरणारी माणसं, क्षितिजावर डोंगर. लोकांनी विचारायला सुरुवात केली, तो डोंगर दिसतो, तिथे जाता येईल का? मरे या वेळी तारीख न सांगता मंचावरून उतरला.